तोंड हुंगायची नोकरी

भान्या नाक खाजवत होता.

तिसऱ्या जमातीत, म्हणजे तिसरीच्या वर्गात, चाळीस पोरं तरटावर बसली होती. फळ्यापाशी शाळा तपासायला आलेले मोठे साहेब उभे. त्यांच्या बाजूला आमचे हेडमास्तर, हात बांधून. सगळ्यांचं ध्यान साहेबाकडं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो आणि माझं ध्यान मागच्या रांगेतल्या भान्याकडं होतं. त्यानं नाकाचा शेंडा खाजवला. मग मान खाजवली. मग परत नाक.

माझा बाप अफू खायचा. त्यामुळं मला हे ठाऊक होतं. अफू चढायला लागली की आधी नाक खाजतं. मग माणूस गप होतो. मग डुलतो. सवयीचा माणूस असंल तर डुलून झालं की उठतो. दहा वर्षांचं पोर उठत नाही.

तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडायला लागलं. भान्याच्या पोटात अफू गेलीय हे त्या अख्ख्या शाळेत दोघांनाच ठाऊक होतं. एक भान्याला आणि एक मला.

मी त्या शाळेचा चपराशी. निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. बीडहून सकाळी बैलगाडी जुंपली की दिवस मावळायला पोचावं, एवढ्या वाटेवरचं कसब्याचं गाव. नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. मला स्वतःला दोन जमातींइतकं लिहिता येतं. तेवढ्यात बसंल तेवढं लिहितो.

चपराशाचं काम म्हणजे झाडलोट, घंटा, टपाल, शाई कालवणं. त्या साली त्यात आणखी एक काम आलं. वरून गश्ती आली. गश्ती म्हणजे सगळ्या शाळांना एकच फिरता हुकूम. हेडमास्तरांनी मला समोर उभं करून वाचून दाखवली. कुठल्याशा शाळेतली मोठी पोरं शिंदी पिऊन वर्गात आली होती, त्यावरनं हे निघालं होतं. जो पोरगा शिंदी, दारू, गांजा, भांग नाहीतर अफू पोटात किंवा अंगावर घेऊन शाळेत येईल, त्याचं नाम खारीज. म्हणजे हजेरीतनं नाव कायमचं कापायचं. जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेनंसुद्धा त्याला घ्यायचं नाही. जो नोकर हे लपवील, त्याची नोकरी जाईल. आणि रोज दारात झडती. चपराशानं पिशवी बघायची, खिसे बघायचे, तोंड हुंगायचं.

तोंड हुंगायचं! गावात माझी लई चेष्टा झाली. न्हावी रोज विचारायचा, "काय बे किसन, आज कुणाचं तोंड हुंगलंस?"

"तुझ्या पोराचं. लसूण कमी घाल त्याला."

हसण्यावारी नेलं मी, पण काम वंगाळ होतं. पोरं माझ्यापुढं आ करायची आणि त्यांच्या डोळ्यात भ्या दिसायचं. आधी हीच पोरं मला किसनमामा म्हणत मागं मागं फिरायची.

आता, गश्ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिंदी पिणारी मोठी पोरं होती. आमच्या दारात यायची ती वाडीवस्तीवरची बारकी पोरं. घरचा बाजारहाट त्यांच्याच हातानं व्हायचा. बापाची तंबाखू, आज्याच्या चिलमीचा गांजा आणि धाकट्या लेकराची अफू. हो, लेकराची. माय जर ज्वारी काढायला जाणार, तर तान्हं लेकरू कुणी बघायचं? मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून चाटवायची, बांधावर झोळीत निजवायचं. दिवसभर रडत नाही. घरोघर चालायचं ते. अफू सरकारी दुकानात मिळायची आणि दुकान होतं कसब्यात, शाळेच्या वाटेवर. शाळा सुटेपर्यंत बाजाराच्या दिवशी माल सरायचा. म्हणून पोरं सकाळी शाळेला येतानाच घेऊन यायची.

गश्तीप्रमाणं त्या सगळ्यांची नावं पहिल्याच आठवड्यात कापली गेली असती.

कापली नाहीत, ती माझ्या बायकोमुळं. तिचं नाव रुक्मिण. आम्ही कोळी, पाणी भरणं आमचं पिढीजात. शाळेचं पाणी तीच भरायची. दाराच्या बाहेर लिंबाखाली रांजण होता, तिथं बसायची. तिच्यापाशी झाकणाची एक टोपली असायची. पोरं झडतीच्या आधी रांजणावर पाणी प्यायला जायची आणि पुड्या तिच्या टोपलीत टाकायची. शाळा सुटली की ज्याची त्याला परत. कुणाची पुडी कुठली हे ती कधी विसरली नाही, आणि तिला तर अक्षरसुद्धा येत नव्हतं. मी बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो. हेडमास्तरही पाणी प्यायला कधी त्या बाजूला गेले नाहीत.

तिला स्वतःला अफूचा तिटकारा होता. त्याचं कारण पुढं येईल. मी एकदा म्हणलं, "मग ठेवतीस कशाला?"

ती म्हणाली, "पोराचं नाव गेल्यानं त्येच्या बहिणीची गोळी सुटणार हाय का? दोगंबी जात्याल."

साहेब तपासायला येणार असं टपाल आलं आणि मला भ्या वाटलं. साहेबानं टोपली उघडून बघितली तर? माझी नोकरी जाईल ते जाईल. पण बिगर परवान्याची एवढी अफू बायकोच्या टोपलीत सापडली तर आबकारीवाले तिला धरून नेतील. मी रात्रभर डोळा मिटला नाही. सकाळी तिला सांगितलं.

"आज तू मागच्या हौदावर जा. रांजणापाशी बसू नको. टोपली घरी ठेव."

ती म्हणाली, "आन् पोरं?"

"पोरांचं काय?"

"आज बाजार हाय. पोरं आणणार. ठेवत्याल कुटं?"

"आणू नये म्हणावं."

"तुमी सांगितलं का त्यान्ला?"

नव्हतं सांगितलं. आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात सगळी टोपलीच होती. मी म्हणलं, "तू जातीस का नाही?" ती घागर उचलून गेली.

साहेब दमणीतनं उतरले ते झडतीच्या वक्ताला. म्हणाले, झडती आधी बघू. आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. साहेब माणूस वाईट नव्हते. पांढरी दाढी, बारीक आवाज, पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवायचे. पण मला त्यांच्या शेरवानीची बटणं तेवढी दिसत होती.

रांग सुरू झाली. भान्या शेवटून पाचवा. कसब्यापासून दोन कोसावरच्या वस्तीवरचा. हुशार पोर. पाढे म्हणताना थांबायचं नाही. तो रांजणाकडं बघत होता. तिथं कुणी नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग त्याच्या पुढचं पोर सरकलं, तसा तोही सरकला. मागं फिरावं तर साहेब बघतायत.

त्याचा नंबर आला. पिशवी बघितली. पाटी, भाकरी. खिसे रिकामे.

"आ कर."

त्यानं आ केला, पण निम्माच. मी नाक पुढं नेलं आणि मला वास आला. कडू, जड, ओल्या कातड्यासारखा. तो वास घरात घेऊनच मी लहानाचा मोठा झालो. वास चुकायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या डाव्या गालात बारका उंचवटा होता. गोळी दाढेपाशी दाबली होती पोरानं.

मी काय करायला पाहिजे होतं? "थुंक" म्हणायला पाहिजे होतं. तेवढंच.

पण म्हणलं तर साहेब विचारणार, काय थुंकलं? मग नाव कापणार. मग दुसरी पोरं विचारणार, मामी कुठं हाय. मग टोपली निघणार. हे सगळं माझ्या डोक्यातनं एका दमात गेलं आणि मी म्हणलं, "काही न्हाई, साहेब." वाटलं, आत जाऊन भिंतीपाशी थुंकंल.

तो पुढं निघाला, तेवढ्यात साहेबांनी त्याच्या गालाला हात लावला. मायेनं. म्हणाले, "नाम क्या है, बेटा?"

तोंडात गोळी ठेवून नाव सांगता येत नाही. भान्याचा गळा वरखाली झालेला मी बघितला. मग तो म्हणाला, "भानुदास."

"बहोत अच्छा," साहेब म्हणाले.

तिथनं पुढं तो वर्गात बसलेला आणि मी दारात तांब्या घेऊन उभा. त्याला नाक खाजवताना बघत होतो.

साहेबांनी पोरांना पाढे विचारले. हेडमास्तरांना भान्यावर भरवसा. त्यांनी बोट केलं. "भानुदास, उठो."

तो उठला. सतराचा पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, इथवर आला आणि थांबला. हसला. ते हसणं मला ठाऊक होतं, माझा बाप तसंच हसायचा. मग तो सावकाश खाली बसला.

"सुस्त लडका है," साहेब म्हणाले आणि पुढच्या रांगेकडं वळले. हेडमास्तर शरमेनं लाल झाले. भान्यानं डोकं पाटीवर टेकवलं. 

मी तरी गप. खरं लिहायचं म्हणून लिहितो. साहेबांनी त्या वर्गात आणखी पाच पोरांना पाढे विचारले, तेवढा वेळ मी दारात गप उभा होतो. मनात म्हणत होतो, उठंल. थोडीच असंल. आत्ता उठंल. साहेब चौथ्या जमातीत गेले, हेडमास्तर त्यांच्या मागं. मी वर्गात शिरलो, भान्याला हलवलं. मान लुळी. शेजारचं पोरगं म्हणालं, "मामा, ह्यो घोरतोय, पण थांबून थांबून."

मी पळत मागच्या हौदावर गेलो.

"रुक्मे, भान्यानं अफू गिळली."

तिनं घागर सोडून दिली. फुटली ती. तिनं मला "कशी" असं विचारलं नाही. विचारलं, "कंदी?"

"झडतीला."

"इतका येळ झाला?" एवढंच म्हणाली आणि पळाली.

आम्ही दोघांनी त्याला उचलून मागच्या अंगणात आणलं. वर्गातल्या पोरांना मी दरडावलं, कुणी बाहेर आलं तर बघा. रुक्मिणनं त्याची पापणी वर केली. बुबुळाची बाहुली मोहरीएवढी बारीक झालेली. ती तशीच बघत राहिली थोडी.

असे डोळे तिनं आधी एकदा उघडून बघितले होते. आमची पहिली पोर, सव्वा वर्षाची. त्या दिवशी काढणीला सगळे जाणार होते, गोळी मोहरीएवढी द्यायची ती ज्वारीएवढी दिली गेली. दिली माझ्या आईनं. दुकानातनं आणली मी. संध्याकाळी झोळीतनं काढली तवा पोर गार होती. त्यानंतर आमच्या घरात अफू आली नाही.

"घरी जावा," ती म्हणाली. "फळीवर रिठे हायत. फोडून पाण्यात घुसळा, फेस येऊस्तोवर. हिंग आणा. पळा."

घर शाळेच्या मागंच. मी रिठ्याचं पाणी घेऊन आलो तर ती त्याला काखेत धरून चालवत होती. पाय नुसते फरफटत होते. अफूचं असं आहे, की माणसाला झोपू द्यायचं नाही. झोपला की श्वास विसरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोर गेल्यावर ती ज्याला त्याला विचारत फिरली होती, काय केलं असतं तर वाचली असती. वैदूला विचारलं, दाईला विचारलं, माझ्या बापालासुद्धा विचारलं. ते सगळं तिनं ध्यानात ठेवलं होतं.

आम्ही त्याचं तोंड उघडून हिंग कालवलेलं रिठ्याचं पाणी ओतलं. निम्मं बाहेर आलं. पुन्हा ओतलं. तिनं घशात बोट घातलं. मग त्याला ओकारी झाली. फेस, भाकरीचे तुकडे आणि एक काळा खडा, बोराच्या बीएवढा. कडेनं विरघळलेला.

"ही निम्मीच हाय," ती म्हणाली. दर बाजारी भान्याची पुडी तिच्याच टोपलीत असायची. तिला माप ठाऊक होतं. "निम्मी आत ऱ्हायली. धरा तिकडनं."

एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. हौदाभोवती फेऱ्या. ती ओल्या पदरानं त्याच्या तोंडावर फटके मारत होती आणि ओरडत होती, "भान्या, ऊठ! पाढा म्हन! सतरा त्रिक?"

मी म्हणलं, "हळू बोल. साहेब आत हायत."

"साहेब मरू द्या."

त्याचे ओठ जांभळे झाले होते. मी त्याच्या छातीवर हात ठेवून चालत होतो. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघायची. कधी कधी दुसरा येतच नाही असं वाटायचं. आमच्या चार-पाच पावलांत एक श्वास. मला तवा देवाचं नाव आठवलं नाही. मी नुसते श्वास मोजत होतो.

सुट्टीची घंटा व्हायची वेळ टळून गेली होती. घंटा वाजली नाही म्हणून हेडमास्तर मला शोधत मागं आले. हेडमास्तर हैदराबादकडचे, सडपातळ, भित्रे. पोरांना कधी छडी मारली नाही त्यांनी. आम्हाला बघून जागीच थांबले.

"किसन, ये क्या है?"

"ऊन लागलं त्याला, साहेब," मी म्हणलं. माघ महिन्यात!

"अफू गिळली ह्यानं," रुक्मिण म्हणाली. "डागदर बोलवा."

हेडमास्तरांनी भिंतीला हात टेकला. सरकारी दवाखाना गावातच होता. पण तिथं नेलं की कागद होतो, कागद झाला की गश्ती लागते. ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर आये तो लिखना पडेगा. बच्चे का नाम जायेगा."

"लिवा काय लिवायचं ते. आदी बोलवा. नाव ठिऊन प्वार मेलं तर त्या नावाचं काय करू?"

ते उभेच राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. मला वाटलं, हे आता आत जातील. मी त्यांच्या जागी असतो तर गेलो असतो. सकाळी दारात मी तेच केलं होतं की! पण हेडमास्तर वळले आणि फाटकाकडं पळत सुटले. लाल तुर्की टोपी वाटेत पडली ती उचलली नाही. त्या माणसाला मी कधी भरभर चालतानासुद्धा बघितलं नव्हतं.

वाटेत पडलेली टोपी बघून साहेब बाहेर आले. त्यांनी पोराकडं बघितलं, मग जमिनीवरच्या काळ्या खड्याकडं. वाकून हुंगला. आपली शाल काढून भान्याच्या ओल्या अंगावर टाकली आणि बाजूला उभे राहिले.

डॉक्टर आले. त्यांनी नळी घालून जांभळं पाणी पोटात सोडलं, बाहेर काढलं, पुन्हा सोडलं. लाल औषधाचं पाणी असतं ते. नाकाला झोंबऱ्या वासाच्या औषधाची बाटली लावली. मग काळा कडक चहा. रुक्मिणला म्हणाले, "बाई, तुमी करताय तेच करा. चालवत ऱ्हावा. थांबलात की गेला."

आम्ही चाललो. हेडमास्तरांनी शाळा सोडून दिली. पोरं कुंपणाशी उभी राहिली, कुणी घरी जाईना. वस्तीवर सांगावा गेला. भान्याची माय ज्वारीच्या रानातनं तशीच आली. हातात खुरपं. कडेवर तान्हं लेकरू झोपलेलं. एवढ्या गलक्यात ते जागं झालं नाही. डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती साहेबांच्या पायावर पडली.

"म्याच आणाय सांगितली जी. त्येचा काय गुन्हा न्हाई. मला न्या."

साहेब पाय मागं घेत म्हणाले, "उठो बाई, उठो."

दिवस कलला. माझे पाय सुजले होते. रुक्मिणचा घसा बसला होता, तरी ती पाढा विचारतच होती. आणि मग एका फेरीला भान्यानं आपला पाय आपणच उचलून टाकला. पुढच्या फेरीला डोळे किलकिले केले. म्हणाला, "एकावन्न."

रुक्मिण तिथंच खाली बसली आणि तिनं त्याला मांडीवर ओढलं. डॉक्टर म्हणाले, "आता झोपू देऊ नका, पण वाचला."

भान्यानं तिच्या तोंडाकडं लई वेळ बघितलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, "मामी, आज तू कावून न्हवतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

साहेबांनी मला विचारलं, "क्या बोलता है ये? कहाँ नहीं थी?"

साहेबांपुढं खरं सांगायची दिवसभरातली ती दुसरी वेळ. एकदा दारात, एकदा इथं. खरं सांगितलं असतं तर साहेबांना कळलं असतं, की हे पोर नशेबाज नाही. दर बाजारी पुडी बाहेर ठेवून येत होतं. ठेवायची जागा आज मी उठवली. कदाचित त्यांनी नाव राखलं असतं. कदाचित रुक्मिणला आबकारीत दिलं असतं. मला ठाऊक नाही. मी म्हणलं, "बरळतंय, साहेब. नशा हाय अजून."

रुक्मिणनं माझ्यावरची नजर काढून घेतली.

साहेबांनी हजेरी मागवली. हेडमास्तर म्हणाले, "हुजूर, बच्चा है. घर का सौदा था." साहेब म्हणाले, "मैं जानता हूँ. गश्ती मेरी नहीं है." हेडमास्तरांनी लाल शाईनं भानुदासच्या नावावर रेघ ओढली. ती सरळ आली नाही. मायला काही कळलं नाही, ती पोराचे पाय चोळत होती. संध्याकाळी त्याला बैलगाडीत घालून वस्तीवर नेलं.

तपासणीचा शेरा पुढं टपालानं आला. हेडमास्तरांनी मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की या शाळेत झडतीची व्यवस्था उत्तम आहे, चपराशी दक्ष आहे. वाचून झाल्यावर ते माझ्याकडं बघत राहिले. मी शाई कालवायला गेलो.

भान्या पुन्हा कुठल्या शाळेत गेला नाही. गुरं राखली, मोठा झाला, पोटापुरतं कमावतो. अंगठा लावतो. सतराचा पाढा येणारा माणूस अंगठा लावतो.

त्यानंतर पेन्शनीपर्यंत मी झडती घेतली. रुक्मिण पुढच्याच बाजाराला टोपली घेऊन रांजणापाशी बसली. मला विचारलं नाही, मीही अडवलं नाही. आमच्या शाळेत पुन्हा कधी काही सापडलं नाही.

ती गेली त्याला आता चार महिने झाले. त्या दिवशी रांजणावरनं तिला मी उठवलं हे तिला ठाऊकच होतं. त्यावरनं तिनं मला कधी टोमणासुद्धा मारला नाही. पण दारात मला वास आला होता, गालातली गोळी मी बघितली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, त्यानं झडतीला गिळली हे मला मागनं, वर्गात त्याला बघून कळलं. मी कधी सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात दोनदा तोंडाशी आलं. ती खोकत होती, म्हणून राहू दिलं. आता घरात सांगायला कुणी नाही.

शाळांत अजूनही झडत्या होतात असं ऐकतो. घ्या. घ्यायलाच पाहिजेत, नशा वाईटच. पण दाराच्या बाहेर एक जागा ठेवा, भ्यालेल्या पोराला हातातलं टाकता येईल अशी. नाहीतर ते गिळतं. आणि ज्याला हुंगायला उभं केलंय, त्यानं वास आला की तिथंच बोलावं. त्या वेळी पोराचं थुंकून भागतं.